कवडी कुठे गेली असेल

प्रगती मॅडम आज काय जेवल्या असतील, हा प्रश्न काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही. वास्तविक त्या माझ्या कुणी लागत नाहीत. सत्तावीस वर्षांच्या आहेत, एम.ए., बी.एड. आहेत, आणि डोंगरावर आपल्या घरी गेल्या असतील तर माझ्यापेक्षा चांगलं दूध-तूप खाऊन झोपल्याही असतील. पण गेल्या असतील तर. आज पाचवा दिवस. त्यांच्या वर्गाला कुलूप आहे, फोन लागत नाही, आणि माझ्या शेफालीचा बारावीचा पहिलाच पेपर, इंग्रजीचा, अकरा दिवसांवर आला आहे. तिच्यासारखी आणखी अठरा मुलं आहेत. त्यांच्या आया रोज फोन करून मला विचारतात, मॅडम कुठे गेल्या असतील? मी प्रत्येकीला एकच उत्तर देते आणि ते उत्तर खोटं आहे. तिथवर येतेच मी. आधी मॅडम कोण, ते सांगते.

भोरच्या एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर सावळारामांची पिठाची गिरणी आहे. गिरणीच्या वर एक लांबट खोली आहे, पूर्वी तिथे रिकामी पोती ठेवत. तीन वर्षांपूर्वी मॅडमनी ती भाड्यानं घेतली, एका भिंतीला काळा रंग देऊन फळा केला आणि जिन्यापाशी पाटी लावली, 'अकरावी-बारावी इंग्रजी'. खाली गिरणी सुरू असली की वर स्वतःचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही. त्यामुळे वर्गाला आपोआप शिस्त लागली. गिरणी चालू असेल तोवर मुलं लिहितात, थांबली की मॅडम बोलतात. कुणी पायलीभर ज्वारी आणली तर निबंध. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ घेऊन कुणी आलं तर गाळलेल्या जागा भरा. खडूची पूड कुठली आणि पीठ कुठलं, हे त्या खोलीत कुणाला सांगता येत नाही. शेफाली घरी येते ती वीस भाकऱ्या थापून आल्यासारखी. घरात एकही थापत नाही, तो भाग वेगळा.

मी दर गुरुवारी दळण घेऊन जाते. बाकीच्या बायका डबा ठेवून बाजारात जाऊन येतात. मी तिथेच पोत्यावर बसते. माझ्या गव्हावर कुणाची तरी बाजरी पडेल अशी मला काळजी वाटते, असं मी सावळारामांना सांगते. खरं म्हणजे मला वरचं ऐकायचं असतं. मीही बी.ए. आहे, अर्थशास्त्र घेऊन. मुलगी काय शिकते त्यावर कान हवा.

तर त्या पोत्यावर बसून मला मॅडमचं सगळं चरित्र समजलं, तुकड्या-तुकड्यांत, गिरणी थांबेल तसं.

राजगडाखालच्या गुंजवणे गावाच्या वर डोंगरात सात घरांची धनगरवस्ती आहे. मॅडम तिथल्या. वडील हैबती, आजी भागूबाई, दोन म्हशी आणि तीस-पस्तीस शेरडं. शाळा खाली गुंजवण्यात, उतरायला तास आणि चढायला दीड. सुट्टीच्या दिवशी राजगडावर पुण्याची मंडळी येत, तेव्हा आठ वर्षांची प्रगती वाटेवर ताकाची कळशी घेऊन बसे. एकदा वाट चुकलेलं एक जोडपं आलं, उन्हानं टोमॅटोसारखं झालेलं. दोघं ताक पीत पीत इंग्रजीत भांडत होती. प्रगतीला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं, पण भांडण सगळं समजलं. ती म्हणत होती, तू त्या वळणावर विचारायला हवं होतंस. तो म्हणत होता, तू बूट वेगळे घालायला हवे होतेस. हे कसं समजलं म्हणाल, तर भांडणाची चाल घरच्या भांडणांसारखीच होती. घरी जाऊन तिनं भांडणाची हुबेहूब नक्कल करून दाखवली. सगळे हसले. भागूबाईंनी फक्त एवढंच विचारलं, मग त्यास्नी वाट गावली का? गावली नव्हती. भांडता भांडता दोघं पुन्हा उलट्याच बाजूला गेली होती. हैबतींना कंदील घेऊन त्यांना आणायला जावं लागलं.

भागूबाईंनी असं का विचारलं, त्यामागे त्या वस्तीची एक रीत आहे. संध्याकाळी शेरडं परत आली आणि एखादं कमी भरलं, की सगळी वस्ती गोठ्यापाशी जमते आणि ते कुठे गेलं असेल याचा अंदाज घेते. बिबट्यानं नेलं असेल, दरडीवर अडकलं असेल, दुसऱ्या वस्तीच्या कळपात मिसळलं असेल. हवं ते म्हणा. मात्र 'वाघरानंच नेलं असणार' असं खात्रीनं म्हणायचं तर पुरावा पाहिजे. केस दाखवा, ठसा दाखवा. आणि एक वाक्य कुणीही बोलायचं नाही. 'बांधायला पायजे हुतं', 'लक्ष ठेवाय पायजे हुतं', यातलं 'पायजे हुतं' जनावर सापडेपर्यंत बंद. जो बोलेल त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्या सात गोठ्यांतल्या लेंड्या झाडायच्या.

मॅडम नऊ वर्षांच्या असताना कवडी नावाची त्यांची शेळी हरवली. राखायला त्याच होत्या. गडावर जाणाऱ्यांनी पराठे गुंडाळून आणलेला इंग्रजी पेपर त्यांना सापडला होता आणि त्यातली अक्षरं लावत त्या करवंदीच्या जाळीखाली बसल्या होत्या. तोवर कवडी ओढ्याकडे उतरून गेली. घरी काय सांगायचं ते त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. वरच्या माळावर होते, अचानक दिसेनाशी झाली. माळ म्हणजे ओढ्याच्या बरोबर उलटी दिशा. पण गोठ्यापाशी सगळे जमले आणि कुणीच 'पायजे हुतं' म्हटलं नाही. भागूबाईंनी विचारलं, "शेवटची कुठं बघितली व्हतीस?" बस, एवढंच. मॅडम म्हणतात, माझ्या तोंडात 'माळावर' तयार होतं, पण बाहेर 'ओढ्याला' आलं. रात्रीत कवडी सापडली, ओढ्याच्या कडेच्या कपारीत, दोन करडांना चाटत बसलेली. गेली एक, आल्या तीन. त्यानंतर मात्र सगळ्यांनी 'पायजे हुतं' मनसोक्त म्हणून घेतलं. भागूबाईंनी तर दोन दिवस.

आता बारावीच्या इंग्रजीत एक प्रकरण आहे. मस्ट हॅव, माइट हॅव, कान्ट हॅव, कुड हॅव, शुड हॅव. घडून गेलेल्या गोष्टीबद्दल अंदाज, खात्री आणि हळहळ कशी सांगायची, ते. मी कॉलेजात असताना आमच्या सरांनी याचा तक्ता फळ्यावर लिहून दिला आणि आम्ही तो पाठ केला. मॅडमनी फळ्यावर एक शेळी काढली. म्हणजे त्या म्हणाल्या शेळी आहे. शेफालीच्या मते ते स्टूल होतं. खाली लिहिलं, कवडी आली नाही. मग एकेका मुलानं उठून कवडीचं काय झालं असेल ते इंग्रजीत सांगायचं. मस्ट हॅव म्हणालात तर पुरावा द्या. कान्ट हॅव म्हणालात तर का शक्य नाही ते सांगा. आणि कवडी सापडेपर्यंत जो शुड हॅव म्हणेल त्यानं वर्ग झाडायचा. पीठ आणि खडू दोन्ही.

मुलांना हे इतकं आवडलं की कवडी तीन आठवडे सापडलीच नाही. कुणी म्हणालं ती एसटीत चढली असेल. लगेच दुसरं म्हणालं, शक्य नाही, भोर-वेल्हे गाडीत माणसाला जागा मिळत नाही. अमृत नावाचा मुलगा म्हणाला, ती सावळारामकाकांच्या गिरणीत आली असणार, पुरावा म्हणजे काल मला पिठात लेंडी सापडली. त्यावर खाली दळण न्यायला आलेल्या आम्हा बायकांत बराच गोंधळ झाला आणि सावळारामांना शपथा घ्याव्या लागल्या.

एक दिवस तर खुद्द भागूबाई आल्या. डोळे तपासायला भोरला आल्या होत्या, नातीनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं. मी नेमकी त्या दिवशी शेफालीचा डबा द्यायला वर गेले होते. नववारी, कपाळावर भलं मोठं कुंकू, मांडीवर तुपाची बरणी. त्यांनी फळ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि शेजारच्या मुलीला विचारलं, "त्या शेरडाचं काय झालं, बाळा?"

मुलीनं सांगितलं, हरवलंय, आजी. झालं. म्हातारी पुढे सरसावली. कधीपासून, कुठल्या बाजूला, संगं कोण व्हतं? मुलं मराठीत सांगू लागली, मॅडम ते इंग्रजीत फळ्यावर लिहू लागल्या. एका मुलानं बिबट्याचं नाव काढलं तेव्हा भागूबाई म्हणाल्या, "क्यास कुठं दिसलं? उगा गरीब वाघराचं नाव घिऊ नगंस." वर्ग हसला. त्यांना ते हसणं समजलं नाही. शेवटी जाताना त्या नातीला म्हणाल्या, एवढी पोरं हायती, घिऊन चल वर, दोन दिसांत हुडकू.

मीही हसले होते तेव्हा. हे मुद्दाम सांगते.

मग पूर्वपरीक्षेचा निकाल आला. शेफालीला इंग्रजीत ऐंशीपैकी त्रेचाळीस. मी तिची वही काढली. बावीस पानं आणि बावीसही पानांवर शेळी. शेळी दरीत, शेळी बसमध्ये, शेळी तहसील कचेरीत. माझ्या डोळ्यांपुढे बोर्डाचा पेपर तपासणारे कुणी अनोळखी सर आले, हातात शेफालीची उत्तरपत्रिका, कपाळावर आठ्या. मी तशीच चपला घालून निघाले.

गिरणी चालू होती. मॅडम जिन्याच्या वरच्या पायरीवर आल्या. मुलं आत लिहीत होती. जे बोलायचं ते मला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागलं. मी म्हणाले, "आम्ही मुलीला इथं शेळ्या राखायला पाठवत नाही, मॅडम. तुमच्या घरी चालत असेल."

त्यांना ऐकू गेलं नाही. हसून कान पुढे करून म्हणाल्या, "काय म्हणालात, काकू?"

देवानं मला तिथे एक संधी दिली होती. काही नाही म्हणून जिना उतरता आला असता. त्रेचाळीसचं काय करायचं एवढंच विचारता आलं असतं. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले, आणखी मोठ्यानं, शब्द सुटे करून, एखाद्या बहिऱ्या माणसाला सांगावं तसं.

त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यांनी ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. "बरं, काकू," म्हणाल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी दारावर कागद होता. वर्ग दोन दिवस बंद.

दोनाचे पाच झाले. पहिल्यांदा मला विचारलं ते सावळारामांनी. वहिनी, तुमाला काय म्हायती? आणि माझ्या तोंडून पटकन निघून गेलं, त्यांना कुठल्यातरी कॉलेजात नोकरी लागली असणार. एवढी हुशार मुलगी, गिरणीवर किती दिवस राहणार? सावळारामांना ते पटलं. इतर आयांना पटलं. चांगल्या गोष्टीवर लोकांचा विश्वास लवकर बसतो.

त्यानंतर जे झालं ते मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. अमृतचे वडील टेम्पो चालवतात. ते माल टाकून येताना वाटेतल्या दोन कॉलेजांत चौकशी करून आले. एका आईनं शिरवळच्या आपल्या भावाला कामाला लावलं. कुणी सासवडला फोन केला. सगळं भोर कॉलेजं पालथी घालत होतं आणि मी दळणाचा डबा घेऊन मान हलवत होते. आज संध्याकाळी सावळारामांनी डबा हातात देताना आणखी एक सांगितलं. बाईची नोकरी पक्की असंल तर एक तारखेपासून खोलीत पोती ठेवतो म्हणाले, नवा माल यायचाय. जाताना मी जिना चढून खिडकीतून आत पाहिलं. छत्री खिळ्याला तशीच होती. खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता. फळ्यावर ते स्टूल आणि खाली अर्धवट सोडलेलं इंग्रजी वाक्य. कायमचं जाणारं माणूस स्वेटर ठेवून जात नाही. म्हणजे मलाच माहीत असलेली गोष्ट मी पुराव्यानिशी पुन्हा शोधून काढली.

शेफाली जेवायला बसली. मग एकदम म्हणाली, आपण मॅडमचं करू या. मला कळलं नाही. ती म्हणाली, कवडीऐवजी मॅडम. मी म्हटलं, सांगितलं ना, नोकरी लागली असणार.

"ठसा कुठाय?" तिनं विचारलं.

मी तिला आणखी एक पोळी वाढली. तिनं ती खाल्ली नाही. म्हणाली, आजी आल्या होत्या तेव्हा त्यांनी सांगितलंय, उगाच सगळा डोंगर हिंडायचा नसतो. जनावर शेवटी जिथं दिसलं तिथून सुरुवात करायची. मी शेवटचं त्यांना वर्गात पाहिलं, पण त्याआधी त्या जिन्यात कुणाशी तरी बोलायला गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्यांनी कवडी पुसायला डस्टर उचललं आणि पुसलंच नाही. हातात धरून उभ्या राहिल्या. "कोण आलं होतं आई, तुला माहितीये?"

अठरा वर्षं मी या मुलीला खरं बोल म्हणून सांगते आहे. माझ्या तोंडात 'मला काय माहीत' अगदी तयार होतं.

मी म्हणाले, "मी."

आणि सगळं सांगितलं. वाक्य जसंच्या तसं, दोनदा म्हणाले तेही. तिचे बाबा तालुक्याच्या कचेरीत असतात, ते रोज जेवताना मोबाईल पाहतात. आज त्यांनी तो पालथा ठेवला. मला वाटलं आता शेफाली ताट सरकवून उठेल. तशी ती तापट आहे, माझ्यावर गेली आहे. ती बराच वेळ पोळीचे तुकडे करत बसली.

"म्हणजे त्या वर गेल्यात," ती शेवटी म्हणाली. "कॉलेजात नाही. घरी गेल्यात."

मी काहीतरी म्हणायला गेले, की मी असं बोलायला नको... तर तिनं हात वर केला. ते वाक्य अजून नाही, म्हणाली. अजून सापडल्या नाहीत. सापडल्या की मी तुला दोन दिवस ऐकवणार आहे, पण आत्ता नाही. आणि ताट उचलून ठेवता ठेवता म्हणाली, नाहीतर उद्या वर्ग तू झाडशील. तिचे बाबा हसले. मला हसू आलं नाही, पण बरं वाटलं.

आता सगळे झोपलेत. शेफालीची वही माझ्यापुढे आहे. बावीस पानं मी आज नीट वाचली. पहिल्या चार पानांत दहा-दहा चुका आहेत, शेवटच्या सहांत मिळून दोन. पूर्वपरीक्षेत ती घसरली ती निबंधात आणि पत्रलेखनात. या प्रकरणात तिला पैकीच्या पैकी आहेत. हे मला त्या दिवशीही दिसलं असतं, चपला घालायच्या आधी पानं उलटली असती तर. पण तिकडे आत्ता जायचं नाही.

वहीच्या पहिल्या पानावर मॅडमच्या हातचं लिहिलेलं आहे, सगळ्याच मुलांच्या वह्यांवर आहे. त्यांचा स्वतःचा नंबर, आणि त्याच्याखाली: 'हा न लागल्यास वडील, हैबती. फक्त सकाळी सहा ते साडेसहा, दूध घालायला खाली येतात तेव्हा. वर रेंज नाही.' हा नंबर पाच दिवस माझ्या घरात होता. फोन लागत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते तेव्हाही तो इथेच दप्तरात होता. सावळारामांनी लेंडीबद्दल घेतलेल्या शपथा खऱ्या होत्या, माझा शब्द नव्हता.

मॅडमची आजी आजारी असेल. एखादी शेळी विणार असेल आणि त्या थांबल्या असतील. किंवा त्या माझ्यामुळेच गेल्या असतील आणि उंबऱ्यावर बसून परत यायचं की नाही याचा विचार करत असतील. माझ्याकडे एक छत्री आणि एक स्वेटर सोडून काही पुरावा नाही. हैबतीदादा मला ओळखत नाहीत. काय सांगायचं ते मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा खोडलं, कारण दर वेळी वाक्य माफीपासून सुरू होत होतं आणि माझ्याविषयीच लांबत जात होतं. भागूबाई इथे असत्या तर त्यांनी मध्येच थांबवून विचारलं असतं, शेवटची कुठं बघितली व्हती?

गजर पावणेसहाचा लावला आहे. सहा वाजता हैबतीदादांना फोन लावायचा. मी भोरहून शेफालीची आई बोलते, तुमची लेक मला शेवटची गिरणीच्या जिन्यात दिसली, तिथे मी तिला वाईट बोलले, तुमच्याकडे आली आहे का? आणि आली असेल तर सांगा, फळ्यावरची शेळी कुणी पुसलेली नाही, एकोणीस मुलं थांबली आहेत. मग सावळारामांकडे जायचं, नोकरीचं खोटं होतं म्हणून सांगायचं, पोती ठेवू नका म्हणायचं.

बाकीचं मॅडम सापडल्यावर.